सांकेतिक भाषेचे दुभाषी होताना: परदेशी अभ्यासदौऱ्याची तयारी, पायरी-पायरीने

पहिल्या संध्याकाळी कर्णबधिरांच्या क्लबात मला स्वतःचं नाव तीनदा सांगावं लागलं. अमेरिकन सांकेतिक भाषेतली, बोटांनी काढायची अक्षरं मी निघण्याआधी घोटून घेतली होती. तरी प्रत्येक अक्षरागणिक माझा हात चेंडूसारखा उसळत होता आणि समोरच्या वयस्कर गृहस्थांना काही केल्या वाचता येत नव्हतं. तिसऱ्या खेपेला त्यांनी माझ्या कोपराखाली दोन बोटं टेकवली, हात जागच्या जागी स्थिर केला आणि मान डोलावली: हं, आता. दुभाषेपणाच्या अभ्यासक्रमाचं माझं तिसरं वर्ष होतं. आपल्या भारतीय सांकेतिक भाषेत मी सराईत समजली जायचे. इथे नाव सांगायलाही आधार लागला.

त्या दौऱ्यात पुढे व्याख्यानं ऐकली, वर्ग पाहिले, वह्या भरल्या. पण आज काम करताना आठवतात ती ती दोन बोटं. इंटरप्रिटर होऊ पाहणाऱ्याने परदेशी जायचं ते जिथे आपल्याला काही कळत नाही अशा खोलीत बसण्यासाठी. आपण पुढे ज्यांच्यासाठी काम करणार, ती माणसं अशाच खोल्यांमध्ये वाढलेली असतात. पुढच्या सगळ्या पायऱ्या हे गृहीत धरून लिहिल्या आहेत. 'तिकडे जाऊन इंटरप्रिटिंग करून दाखवायचंय' असा बेत असेल, तर बऱ्याच पायऱ्या उलट्या वाटतील.

पायरी १: देश निवडण्याआधी भाषा निवडा

सांकेतिक भाषांचा नकाशा बोलीभाषांच्या नकाशावर ठेवला तर कडा जुळत नाहीत, आणि इथेच बहुतेक जण पहिली चूक करतात. इंग्लंड आणि अमेरिकेत बोलायला इंग्रजीच, म्हणून खुणाही सारख्या असतील असं वाटतं. प्रत्यक्षात लंडनचा कर्णबधिर माणूस आणि न्यूयॉर्कचा कर्णबधिर माणूस आपापल्या भाषेत साइन करू लागले तर एकमेकांना समजत नाहीत. अमेरिकन भाषेचं नातं फ्रान्सशी आहे. लॉरां क्लेर हे पॅरिसच्या शाळेतले कर्णबधिर शिक्षक १८१६ साली थॉमस गॅलॉडेट यांच्याबरोबर अमेरिकेत आले आणि १८१७ मध्ये तिथल्या हार्टफर्डला कर्णबधिर मुलांची शाळा सुरू झाली. फ्रेंच खुणा आणि तिथल्या मुलांच्या स्वतःच्या खुणा मिसळून आजची भाषा घडत गेली. ब्रिटिश भाषेची भावंडं मात्र ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये आहेत. जपान, कोरिया आणि तैवानच्या भाषा एका घराण्यातल्या.

एका देशात एकच भाषा, हेही खरं नाही. स्वित्झर्लंडमध्ये तीन सांकेतिक भाषा आहेत. फिनलंडमध्ये दोन, बेल्जियममध्ये फ्लेमिश भागाची वेगळी आणि फ्रेंचभाषक भागाची वेगळी. बेलफास्टमध्ये ब्रिटिश आणि आयरिश दोन्ही दिसतात. जर्मनी आणि ऑस्ट्रिया दोन्हीकडे जर्मन बोलतात, पण सांकेतिक भाषा निराळ्या.

मग निवडायचं कसं? माझा हिशोब साधा आहे. दोन-तीन आठवड्यांचा दौरा असेल तर जवळच्या नात्याची भाषा घ्या, नाहीतर सगळा वेळ अक्षरांतच जातो. भारतीय सांकेतिक भाषा येणाऱ्यांना ब्रिटनमध्ये एक आयता आधार मिळतो: दोन हातांची अक्षरमाला. स्वर पाच बोटांच्या टोकांवर, अंगठ्यावर ए आणि करंगळीवर यू, ही पद्धत ओळखीची निघते. शब्दांच्या खुणा वेगळ्या असतात, पण अडलं तर अक्षरांवर निभावतं. एक सत्र किंवा त्याहून जास्त काळ राहायचं असेल तर मुद्दाम लांबची भाषा निवडा. आपल्या भाषेतलं काय सगळ्याच सांकेतिक भाषांमध्ये असतं आणि काय फक्त आपलं, हे लांब गेल्यावरच लक्षात येतं.

'इंटरनॅशनल साइन शिकलो की कुठेही चालेल' हा समज घेऊन निघू नका. देशोदेशीचे कर्णबधिर एकत्र आले की वापरायची ही सामायिक खुणांची पद्धत. आंतरराष्ट्रीय परिषदांमध्ये, क्रीडास्पर्धांमध्ये ती वापरतात, आणि मुरलेले साइनर तिच्यातून अवघड विषयही पोचवतात. पण ते चालतं दोन्ही बाजूंच्या अनुभवावर आणि कल्पकतेवर. नवशिक्याच्या हातात ती पटकन नकलांचा खेळ होऊन बसते.

पायरी २: एकच प्रश्न घेऊन निघा

'तिकडचं इंटरप्रिटिंग पाहायचं' हा प्रश्न नव्हे. कोर्टात कर्णबधिर दुभाषी आणि ऐकू येणारा दुभाषी जोडीने काम कसं करतात, हा प्रश्न झाला. विज्ञानाच्या तासाला ज्या शब्दाला खूणच नाही तो दुभाषी कसा पोचवतो, हाही झाला. प्रश्न ठरला की जागा आपोआप ठरते.

उच्च शिक्षण पाहायचं असेल तर वॉशिंग्टनचं गॅलॉडेट विद्यापीठ डोळ्यांपुढे येतंच. १८६४ मध्ये त्याला पदव्या देण्याचा अधिकार मिळाला, आणि तिथे शिकवणं, भांडणं, चहाड्या, सगळं अमेरिकन सांकेतिक भाषेत चालतं. तिथल्या नव्या इमारतींची रचनासुद्धा अभ्यासावी: दोघांना साइन करत शेजारी शेजारी चालता येईल एवढे रुंद मार्ग, हातांचा आणि चेहऱ्याचा रंग उठून दिसेल अशा भिंती. एडिंबरातल्या हेरियट-वॉट विद्यापीठात ब्रिटिश सांकेतिक भाषेच्या दुभाष्यांचं शिक्षण होतं. इतिहासात रस असेल तर पॅरिस. अठराव्या शतकात आबे द लेपे यांनी तिथे कर्णबधिर मुलांना खुणांच्या आधारे शिकवायला सुरुवात केली. सँ-रॉक चर्चमध्ये त्यांची समाधी आहे.

तारखा ठरवताना सप्टेंबरचा शेवटचा पूर्ण आठवडा डोळ्यांसमोर ठेवा. जगभरचे कर्णबधिर तेव्हा आपला आंतरराष्ट्रीय सप्ताह साजरा करतात, आणि २३ सप्टेंबर हा संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलेला सांकेतिक भाषांचा दिवस आहे. या दिवसांत कार्यक्रम भरपूर असतात आणि पाहुण्याला सहज आत घेतात. पण नेहमीचं, कंटाळवाणं, रोजचं काम पाहायचं असेल तर हाच आठवडा टाळा. सगळे दुभाषी तेव्हा मंचावर असतात.

पायरी ३: पहिलं पत्र कर्णबधिर संघटनेला

आपण सवयीने आधी विद्यापीठाला लिहितो. क्रम बदला. आधी त्या देशाची कर्णबधिरांची राष्ट्रीय संघटना, मग दुभाष्यांची संघटना, मग शिक्षणसंस्था. जागतिक बधिर महासंघ १९५१ साली रोममध्ये स्थापन झाला. देशोदेशीच्या राष्ट्रीय संघटना त्याच्या सभासद आहेत, त्यामुळे खरी संघटना कोणती हे तिथून कळतं. दुभाष्यांची जागतिक संघटना म्हणजे वॉस्ली, आणि युरोपात एफ्स्ली.

हा क्रम निव्वळ शिष्टाचारासाठी सांगत नाही. भाषा त्यांची आहे. शिवाय ज्या विद्यार्थिनीला तिथल्या कर्णबधिर माणसांनी ओळखून आत घेतलंय, तिला दुभाषीही सोबत न्यायला तयार होतात. उलट्या बाजूने गेलात तर महिनाभर वर्गाच्या मागच्या बाकावर बसून परत याल.

सहा महिने आधी लिहा. पत्र छोटं ठेवा: तुम्ही कोण, कुठली सांकेतिक भाषा किती वर्षं शिकताय, तुमचा एक प्रश्न, तारखा, आणि त्यांच्याकडून नेमकं काय हवंय. सोबत दोन मिनिटांचा व्हिडिओ जोडा, स्वतः साइन करून, आपल्याच भाषेत. समोरच्याला सगळं कळणार नाही, पण तुमचे हात, नजर आणि चेहरा कितपत तयार आहे हे दहा सेकंदांत कळेल. 'मला कर्णबधिरांना मदत करण्याची आवड आहे' हे वाक्य पत्रात असेल तर खोडा. ते वाचून किती पत्रं बाजूला पडत असतील कोण जाणे. आणि 'मूकबधिर' हा शब्द इथेच सोडून जा. ज्यांना भाषा आहे त्यांना मूक कसं म्हणायचं?

कुणी कर्णबधिर शिक्षक वेळ देणार असतील तर मानधन आधीच विचारा. भेटेल त्याला आपलं फुकटचं पाठ्यपुस्तक करून टाकायची खोड विद्यार्थ्यांना असते, मलाही होती.

पायरी ४: तीन महिने आधी वाचायला शिका, मग बोलायला

रोज वीस मिनिटं पुरतात, पण रोज. तिथल्या कर्णबधिर माणसांनी स्वतः केलेले व्हिडिओ पाहा. शिकवण्यासाठी सावकाश केलेले धडे थोडेच पाहा. आपण परकी भाषा शिकताना आधी हात चालवायला बघतो. इथे तुमचे हात चार वाक्यांवर निभावतील, वाचणारे डोळे मात्र लागणार आहेत सकाळपासून रात्रीपर्यंत.

अक्षरं, आकडे, वार, वेळ, नाती आणि दुरुस्तीची वाक्यं एवढं पक्कं करा. दुरुस्तीची वाक्यं म्हणजे 'पुन्हा सांगा', 'सावकाश', 'ही खूण कळली नाही', 'तुम्हाला असं म्हणायचंय का?'. शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं. त्याने समोरच्याला कळतं की तुम्ही कुठपर्यंत पोचलाय.

आकड्यांना सोपे समजू नका. अमेरिकेत तीन दाखवताना अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट उघडतात. आपण सहज करतो तशी मधली तीन बोटं वर केली तर ते डब्ल्यू अक्षर होतं. जपानी भाषेत मोठ्या भावाच्या खुणेत मधलं बोट उभं राहतं, तेव्हा दचकायचं नाही. उलट अमेरिकन अक्षरमालेतला टी, म्हणजे तर्जनी आणि मधल्या बोटामध्ये अंगठा खुपसलेली मूठ, काही देशांत शिवी समजतात. आपली सगळ्यांत निरागस खूण तिथे काय अर्थाची आहे, हे निघण्याआधी कुणाला तरी विचारून घ्या.

थोडा इतिहासही हवा, कारण गप्पा तिथेच वळतात. अमेरिकेत १९८८ च्या मार्चमध्ये गॅलॉडेटच्या विद्यार्थ्यांनी विद्यापीठ बंद पाडून पहिला कर्णबधिर अध्यक्ष मिळवला. ब्रिटिश सांकेतिक भाषेला कायद्याने मान्यता मिळाली ती थेट २०२२ मध्ये. न्यूझीलंडने आपल्या सांकेतिक भाषेला २००६ मध्येच अधिकृत दर्जा दिला होता. आणि युरोपात कुठेही गेलात तरी कर्णबधिरांच्या शिक्षणावरची १८८० ची मिलान परिषद निघतेच. तिथे जमलेल्या शिक्षकांनी शाळांमध्ये बोलण्यालाच प्राधान्य द्यायचं ठरवलं, आणि वर्गांतून खुणा हद्दपार झाल्या. त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त व्हायला २०१० ची व्हँकूवर परिषद उजाडावी लागली. एखादी आजी हातावर मारलेल्या पट्ट्यांच्या गोष्टी सांगू लागली तर ती कुठल्या काळाबद्दल बोलतेय हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे.

पायरी ५: कागदपत्रं

थोडक्यात. निमंत्रणपत्रात 'निरीक्षण' हा शब्द स्पष्ट असू द्या. काही देशांत बिनपगारी प्रशिक्षणही काम धरलं जातं, म्हणून व्हिसाच्या अर्जात खरा हेतू लिहा आणि यजमान संस्थेकडून प्रकार तपासून घ्या. आरोग्यविमा काढा. तुमच्या संस्थेची आचारसंहिता आणि तिथल्या दुभाष्यांची आचारसंहिता, दोन्हींच्या प्रती जवळ ठेवा. बॅगेत एकरंगी, नक्षी नसलेले, आपल्या कातडीच्या रंगावर उठून दिसतील असे दोन-तीन सदरे असू द्या. बांगड्या, मोठ्या अंगठ्या, चमकदार नखं घरी.

पायरी ६: पहिला आठवडा

डोळे दुखतात. हे कुणी आधी सांगत नाही म्हणून सांगते. दिवसभर परकी भाषा डोळ्यांनी ऐकायची म्हणजे चौथ्या दिवशी कपाळ ठणकायला लागतं. दुपारी अर्धा तास कुणाकडेही न बघता पडून राहायची वेळ दिनक्रमात आधीच धरून ठेवा.

वागण्याच्या रीती बऱ्याच ठिकाणी सारख्या आहेत. लक्ष वेधायला खांद्यावर हलकी थाप, लांबून हात हलवणं, किंवा खोलीतला दिवा लावणं-विझवणं. दोघं साइन करत असताना मधून जायचं असेल तर सरळ जा. थांबून, वाकून, माफी मागत बसलात तर जास्त अडथळा होतो. ओळख करून घेताना तुम्ही ऐकू येणाऱ्या आहात हे पहिल्या मिनिटात सांगून टाका, आणि घरात कुणी कर्णबधिर आहे का, ही भाषा कुठे शिकलात, या प्रश्नांची उत्तरं तयार ठेवा. ती चौकशी नसते. तुम्हाला कुठल्या धाग्याला बांधायचं ते बघत असतात.

सोबत ऐकू येणारी मैत्रीण असेल तर कर्णबधिरांच्या जागेत एकमेकींशी तोंडाने बोलू नका. 'जरा पटकन विचारते' म्हणूनसुद्धा नाही. दोघींना साइन करून सांगता येत नसेल तर ते बाहेर पडल्यावर सांगा. निरोपाला मात्र भरपूर वेळ धरा. 'निघते' म्हटल्यापासून दारापर्यंत पोचायला मला एकदा पाऊण तास लागला, आणि त्या दिवशीचं सगळ्यांत जास्त मी त्या पाऊण तासात शिकले.

खूणनाव, म्हणजे अक्षरं न काढता एकाच खुणेत सांगता येणारं नाव, मागू नका. कर्णबधिर माणसं ते देतात, त्यांना वाटेल तेव्हा. नाही मिळालं तर अक्षरांनी नाव सांगत राहायचं.

पायरी ७: प्रत्यक्ष काम पाहताना

दौऱ्याचा गाभा हाच, आणि इथेच माझी फजिती झाली.

एका दवाखान्यात रुग्ण, डॉक्टर आणि दुभाषी, तिघांच्या संमतीने मी कोपऱ्यात बसले होते. बोलणं मला समजत होतं, याचा मनातून आनंद होत होता. आनंदात माझी मान आपोआप हलत होती. डॉक्टरांनी गोळ्या जेवणाआधी घेता का असं विचारलं, दुभाषीने प्रश्न पोचवला, आणि रुग्णबाईंची नजर दुभाषीवरून घसरून माझ्या हलणाऱ्या मानेवर आली. बाईही मान हलवू लागल्या. दुभाषीने हात खाली घेतले, डॉक्टरांना सांगितलं की क्षणभर थांबा, बाईंना प्रश्न पुन्हा विचारला. उत्तर 'जेवणानंतर' असं होतं.

बाहेर आल्यावर दुभाषी रागावली नाही. एवढंच म्हणाली, 'खोलीत चौथी व्यक्ती आहे हे मला कळलं. तुला कळलं का?'

तेव्हापासून निरीक्षणाला बसताना मी एवढं पाळते. कर्णबधिर व्यक्तीच्या नजरेच्या वाटेत बसायचं नाही. दुभाषीच्या मागे तर नाहीच. खिडकीकडे पाठ करून बसायचं नाही, नाहीतर पुढून पाहणाऱ्याला आपण काळी सावली दिसतो. चेहरा शांत, मान स्थिर, हात मांडीवर. संमती आदल्या दिवशी घेतलेली असली तरी आत जाण्याआधी पुन्हा घ्यायची, आणि ती कर्णबधिर व्यक्तीकडून थेट, तिच्या भाषेत. 'नको' म्हटलं तर कारण न विचारता बाहेर थांबायचं. मानसोपचार, पोलीस, फोनवरचे रिले कॉल (दुभाषीमार्फत होणारं फोनवरचं बोलणं) अशा ठिकाणी पाहुण्याला आत घेतीलच ही अपेक्षा ठेवू नका.

काय पाहायचं? खुणा टिपण्यात वेळ घालवू नका, त्या व्हिडिओतही मिळतात. दुभाषी बोलणाऱ्याच्या किती सेकंद मागे राहते आणि कुठल्या वाक्याला मुद्दाम जास्त मागे राहते, ते बघा. न कळलेलं कसं विचारते, चूक झाली हे लक्षात आल्यावर काय करते, दोघांपैकी कोणाकडे बघत नाही. मोठ्या कार्यक्रमात दुभाषी जोडीने असतात आणि साधारण वीस मिनिटांनी बदलतात. तिथे काम करणाऱ्याकडे सगळे बघतात. तुम्ही बसलेल्याकडे बघा. तो विश्रांती घेत नसतो. निसटलेला आकडा किंवा नाव हळूच पुरवत असतो, जोडीदाराची लय सांभाळत असतो. ही जोडी कशी जमते ते वर्गात मला कुणी शिकवू शकलं नव्हतं.

संधी मिळाली तर कर्णबधिर दुभाष्याचं काम नक्की पाहा. लहान मूल, शाळेत कधीच न गेलेली व्यक्ती, दुसऱ्या देशातून आलेली निर्वासित, अशा वेळी ऐकू येणारा दुभाषी बोललेलं सांकेतिक भाषेत आणतो आणि कर्णबधिर दुभाषी ते त्या व्यक्तीला उमजेल अशा रूपात मांडतो. एकच वाक्य तो कधी चित्रासारखं, कधी नाटकासारखं करून दाखवतो. ते बघताना, मी इतकी वर्षं कशाला 'भाषांतर' म्हणत होते, असा प्रश्न मला पडला होता.

पायरी ८: 'जरा सांग ना त्यांना'

हे होणारच. दुकानात, स्टेशनवर, कधी दवाखान्याच्या खिडकीशी कुणीतरी म्हणेल, तुला दोन्ही येतं ना, जरा सांग. रस्ता विचारायचा असेल, बसची वेळ असेल तर मित्र म्हणून करा. आजार, पैसे, सही, पोलीस यांतलं काहीही असेल तर नाही. तुमच्याकडे तिथला परवाना नाही, भाषा अर्धवट आहे, आणि चुकलात तर भोगणार ते. पण नुसतं 'नाही' म्हणून निघून येऊ नका. तिथल्या दुभाषी सेवेशी संपर्क कसा करायचा हे पहिल्याच दिवशी विचारून फोनमध्ये ठेवलेलं असेल, तर ते दाखवता येतं.

पायरी ९: वही

नाव, गाव, आजार, खटला, ओळख पटेल असं काहीही लिहायचं नाही. 'मंगळवारी एका बाईंना' एवढंसुद्धा छोट्या समाजात पुरेसं असतं. कर्णबधिरांचं जग लहान आहे, दोन देशांत मिळून सगळ्यांना सगळे माहीत असतात. मी वार आणि जागा दोन्ही बदलून लिहीत असे. (वर सांगितलेल्या दवाखान्यातल्या प्रसंगाचे तपशीलही बदललेले आहेत.) फोनवर चित्रीकरण फक्त विचारून, आणि ते कुठे दाखवणार हेही सांगून. इतर लिखाण रोज रात्री, आणि त्यात एक ओळ अशी: आज मला कुठे कळलं नाही, आणि मी कळल्यासारखं केलं का?

पायरी १०: परत आल्यावर

महिन्याभरात दोन गोष्टी करा. ज्यांनी वेळ दिला त्यांना काय शिकलात ते साइन करून, व्हिडिओवर पाठवा. लेखी अहवाल संस्थेसाठी ठेवा. आणि आपल्या गावच्या कर्णबधिर मंडळींपुढे दौऱ्याबद्दल सांगा. तिकडे काय हक्क मिळतात, दुभाषी कोण पुरवतं, हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कामाचं असतं. प्रश्न इतके येतात की वही उघडावी लागते.

कामावर लगेच उभे राहू नका. आधी स्वतःचं चित्रीकरण करून एखाद्या कर्णबधिर शिक्षकांना दाखवा, कारण तिकडच्या खुणा हातात मुरलेल्या असतात आणि आपल्याला त्या दिसत नाहीत. मी दहा मिनिटांचा व्हिडिओ नेला होता आणि मनात खात्री होती की सगळं स्वच्छ आहे. आमच्या सरांनी चौथ्या मिनिटाला तो थांबवला. मी तिथे बैठकीची वेळ सांगत होते, तीन वाजता. सरांनी पडद्यावर उघडलेल्या माझ्या अंगठ्यावर बोट ठेवलं, माझ्याकडे वळले आणि फक्त भुवया वर केल्या.